सुतकातली दहा मापं

करंदै, तंजावर
२१ ऑगस्ट १९९६

॥ श्री ॥

चि. नंदिता,

आशीर्वाद पहिल्या ओळीतच लिहून ठेवते. पुढचं न वाचता पत्र टाकून दिलंस, तरी तेवढे पोचावेत.

देवनागरीत लिहिते आहे. अप्पांना तमिळ येतं, इंग्रजी येतं, ही अक्षरं येत नाहीत. लहानपणी पाटीवर गिरवायला बसवायची तेव्हा “या गावात हे कोण वाचतं, अम्मा?” म्हणून रडायचीस. आपण दोघी वाचतो. पुष्कळ झालं.

होसूरला पोचल्याचं तू अप्पांच्या ऑफिसात कळविलंस. ते घरी येऊन म्हणाले, “पोचली. कुठल्याशा लॅबमध्ये बाटल्या धुते.” मी म्हटलं, धुत नाही, तपासते. “पीएच.डी. सोडून गेल्यावर दोन्ही एकच,” म्हणाले आणि पानावर बसले. डांगर पच्चडी केली होती, तिला हात लाविला नाही.

विद्यापीठातल्या तुमच्या खात्याचा शिपाई आता आडाच्या मापांची वही न्यायला येत नाही. तरी स्नान झालं की मी आडात फीत सोडते. फितीच्या टोकाचं शिसं पाण्याला टेकलं की दोन बोटांना कळतं, तू शिकविलंस तसं. काठापासून पाण्यापर्यंत आज सव्वीस फूट दोन इंच. गेल्या वर्षी याच तारखेला सतरा होतं. यंदाही मेट्टूर धरणाचं पाणी वेळेवर सुटलं नाही. पण नदीला तरी किती बोल लावायचा? मागच्या नारळीच्या बागेत कंपनीचा पंप दिवसरात्र चालतो. पाणी डब्यांत भरतात, डबे लॉरीत. तुमच्या अभ्यासातल्या बावीस आडांपैकी नऊ कोरडे पडले. हे सगळं तू आधीच कागदावर मांडलं होतंस.

तुझा अहवाल तपासायला बसलेली ती समिती मनातून जात नाही. कंपनीचा इंजिनिअर आपल्या आडाची वही उघडून काय म्हणाला, ते शब्दन् शब्द आठवतं. “फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही चार दिवस पंप न थांबविता चालवून पाहिला. लांबच्या आडांत तीन-तीन फूट उतरलं म्हणता. पंपाला सगळ्यांत जवळ हा सात नंबरचा आड, संशोधक बाईंच्याच घरचा. त्यात मात्र रोज अर्धा इंच. मग आमच्या पंपाचा दोष कसा?”

तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या मार्गदर्शक अनिरुद्धराव सरांनी विचारलं, “अम्मा, त्या दिवसांत तुम्ही स्वतः मोजलं ना?”

मी म्हटलं, मोजलं. रोज मोजलं.

मग तू उठून म्हणालीस, हे आकडे मी पडताळून पाहिले नाहीत, दोष माझा. कलेक्टरांकडे जायचा अहवाल तिथेच राहिला. तुझ्या नावापुढे ‘नोंदींत फेरफार’ असा शेरा पडला, शिष्यवृत्ती थांबली. मी जे सांगितलं ते सांगितलं. आता त्यावर काय बोलायचं?

स्टेशनात तू एवढंच विचारलंस, “अम्मा, खोटं माझ्याशी बोललीस की देवाशी?” उत्तर द्यावं तर गाडीचा आवाज फार होता.

अंगावर तेल घालून न्हात जा. होसूरची हवा थंड म्हणतात.

अम्मा


१७ ऑक्टोबर १९९६

चि. नंदिता,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे कोणीतरी घेतलं.

नवरात्राचा बाहुल्यांचा गोलू मांडला. पायऱ्या यंदा पाचच, वरच्या दोन मांडायला तुझा हात लागतो. राजा-राणीच्या बाहुल्यांपैकी राणीचं नाक गेलं आहे, तिला जरा मागे उभी केली.

परवा गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. सेतुरामाचार देवळातून प्रसाद घेऊन आले आणि सगळ्यांदेखत पुन्हा तोच पाढा. “ताराबाई, या आडाचं पाणी मारुतीच्या अभिषेकाला जातं. म्हणून या घराला सुतक आलं की दहा दिवस कोणी आडापाशी फिरकत नाही, शेजारीण पाणी ओढून देते. चार पिढ्या हे पाळलं गेलं. आणि तुमच्यासारखी सोवळ्याओवळ्याची बाई सुतकात फीत सोडून बसते! बरं, शुद्धी करून घेतलीत, देव मोठ्या मनाचा आहे.”

समितीपुढचं माझं बोलणं आठ दिवसांत गल्लीभर झालं होतं, हे तुला ठाऊक नसेल. तू गेल्यावर आचार दारात येऊन उभे राहिले. थोरल्या भावजींच्या सुतकात रोज मोजलंत म्हणजे आड बाटला, म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. पंचगव्य, होम, ब्राह्मणभोजन, सगळं यथासांग झालं.

आचार गेल्यावर कृष्णवेणीने हरभऱ्याच्या सुंडलची वाटी खाली ठेविली. कुंपणापलीकडची, जीभ तीच.

“ताराक्का, शुद्धी छान झाली म्हणे.”

“देवाचं काम.”

“हो तर. मला एकच कळत नाही. ते दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचं कुडम भरभरून तुमच्या दारात मी ठेवीत होते. तुम्हाला आडापाशी एकदाही पाहिलं नाही. माझे डोळे गेले की काय गे?”

बायका हसल्या. मी तिला आणखी सुंडल वाढला.

“मीठ कमी आहे,” म्हणाली आणि सगळा खाल्ला.

एक सांगायचं राहिलं. छपराचं पाणी जिरवायला तू अंगणात जो खड्डा खणलास, खडी-कोळसा-वाळू घालून, तो अप्पांनी बुजविला. मोपेड ठेवायला जागा हवी म्हणून. काल रात्री पाऊस झाला. पन्हळीचं पाणी मोपेडच्या चाकांखालून सरळ गटारात गेलं. मी दारात उभी राहून पाहिलं.

माप अठ्ठावीस फूट.

अम्मा


१२ जानेवारी १९९७

चि. नंदिता,

हे पत्र बसल्या बैठकीत पुरं करणार आहे. उठले तर पुन्हा लिहिणार नाही.

परवा आपल्या देवळातली मार्गळी महिन्यातली हनुमज्जयंती झाली. पहाटे आचारांचा नातू आडावर आला, राहाट सोडला, घागरीत आला तो गाळ. देवळात माणसं जमलेली, तेलाचे दिवे लागलेले, अभिषेक खोळंबला. मग बागेतल्या कंपनीतून दोन माणसं प्लॅस्टिकचे सहा डबे खांद्यावर घेऊन आली. देवाला आमची भेट म्हणाली. आचारांनी घटकाभर विचार केला. “भांडं नवं आहे, झाकण मोहोरबंद आहे, कोणाचा हात लागला नाही. चालेल.”

आणि चाललं. नंदू, ज्या मारुतीसाठी आपण सुतकात पाण्याला शिवत नाही, त्याच्या डोक्यावर तेच आपल्या आडाखालचं पाणी डब्यातून ओतलं गेलं. कंपनीच्या माणसांना आचारांनी शाल दिली. मी हात जोडून उभी होते. 

मी मोजलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी ते ४ मार्च. भावजी गेले त्या दिवसापासून दहा दिवस. तू पाण्याच्या बाटल्या तपासायला मद्रासला होतीस. मी आडाकडे पाठ करून मागच्या पडवीत बसून राहिले. अकराव्या दिवशी स्नान करून फीत सोडली. एकोणीस फूट साडेआठ इंच. सुतक लागण्याच्या आदल्या दिवशी होतं एकोणीस फूट तीन. वहीत मधल्या दहा ओळी कोऱ्या. तीन वर्षांत माझ्या वहीत कोरी ओळ नव्हती. बाहेरची असताना तू मोजायचीस, तू नसलीस तर कृष्णवेणीच्या सुनेला उभी करून मी लांबून आकडा लिहून घ्यायची. या खेपेला सांगायचं कोणाला? घरात माणूस मेलेलं. फीत धर म्हणून कोणाला हाक मारणार?

मग मी घरात करते तेच केलं. महिन्याचं तेल कुठल्या दिवशी किती लागलं हे कोण बघतं? आणलेलं वजा उरलेलं, भागिले दिवस. साडेपाच इंचांचा फरक, रोज अर्धा इंच. बरोबर बसलं. एवढं बरोबर बसलं की मला वाटलं, मारुतीनेच सांभाळून घेतलं.

मला कसं कळावं की मधल्या चार दिवसांत त्यांनी पंप चालविला? पाणी तीन फूट, चार फूट, कोण जाणे किती खाली गेलं असेल आणि मी शिवायच्या आत परत वर आलं असेल. पहिलं माप खरं, शेवटचं खरं. जे घडलं ते सगळं मध्येच होतं.

तू आल्यावर वही मागितलीस तेव्हा सांगायला हवं होतं. पण आदल्या वर्षी तुमच्या विद्यापीठात पर्यावरणदिनाला मला व्यासपीठावर बोलाविलं होतं, आठवतं? सर म्हणाले, बावीस घरांत एकाच वहीत खाडा नाही, शिकलेल्या माणसांनी या अम्मांपासून शिकावं. स्टीलचं कुडम दिलं, त्यावर माझं नाव कोरलेलं. मॅट्रिक झाल्यावर एवढ्या लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजविल्या नव्हत्या. त्याआधीही नव्हत्या.

समितीत सरांनी विचारलं तेव्हा ते कुडमच डोळ्यांपुढे आलं. तुझं तोंड दिसलं नाही. हेही लिहिते.

आणि आचार आले तेव्हा? मोजलं म्हणावं तर देव बाटविला. नाही मोजलं म्हणावं तर मुलीचा गळा मी कापला. मी देव बाटविल्याचं कबूल केलं. न केलेल्या पापाची शुद्धी करून घेतली, केलेलं पाप झाकायला. होमाचा धूर डोळ्यांत जाऊन पाणी आलं, तेव्हा बायका म्हणाल्या, बघा, किती मनापासून करते.

स्टेशनात विचारलंस त्याचं उत्तर हे. आधी तुझ्याशी बोलले. मग ते निभवायला देवाशी.

माप लिहीत नाही. गाळात शिसं कुठे टेकतं ते नीट कळत नाही.

अम्मा


२० फेब्रुवारी १९९७

चि. नंदिता,

काल विद्यापीठात जाऊन आले.

घरखर्चाची वही पिशवीत घेतली. तिच्यात मी मराठीत लिहिते, तुला ठाऊकच. त्या दहा दिवसांची नोंद सापडली: “सुतक. आडास हात नाही. पाणी कृष्णवेणीकडून.” खोट्या वहीसाठी एवढा जीव टाकला आणि खरी गोष्ट माझ्याच अक्षरात मिरची-धण्यांच्या शेजारी पडून होती.

बसच्या थांब्यावर कृष्णवेणी येऊन उभी राहिली, नवं लुगडं नेसून.

“कुठे?”

“तुमच्याबरोबर. मराठी वही कवटाळून बाई विद्यापीठाच्या बसला उभी राहते, मला काय कळत नाही? खोटं बोलायला एकट्या गेलात, खरं बोलायला सोबत लागते.”

“माझी फजिती बघायची असेल.”

“ती पण,” म्हणाली. तिकीट मात्र तिचं मला काढू दिलं नाही, आपलं आपण काढलं.

आत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोपं लाविली आहेत, प्रत्येकाला लोखंडी पिंजरा. कोणीतरी मोठे पाहुणे येणार म्हणून टँकरने पाणी घालीत होते. टँकरवर बागेतल्या कंपनीचं नाव. कृष्णवेणी मोठ्याने म्हणाली, “आमचं पाणी कुठे जातं ते कळलं बाई आज.” टँकरवाला ओशाळून हसला.

अनिरुद्धराव सरांची खोली आता जिन्याखाली आहे. तुमची फीत, पाऊस मोजायची भांडी, सगळं एका कोपऱ्यात पोत्यात. ते आपल्यातलेच, बोलतात आपली भाषा, पण वही उलटसुलट करून म्हणाले, “अम्मा, ही अक्षरं माझी आजी वाचायची. मला येत नाहीत.” मी मोठ्याने वाचलं, त्यांनी इंग्रजीत उतरवून घेतलं. तमिळमध्ये मला वाचून दाखविलं. खाली मी सही केली. कृष्णवेणीने साक्ष म्हणून अंगठा दिला, आणि शाई पुसायला सरांचा कागद मागितला.

सरांनी जबाबाची घडी घातली. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

“तेव्हा एवढं सांगितलं असतंत,” म्हणाले, “की मोजलं नाही. दहा दिवस कोरे असते तर एकवीस आड पुरे होते मला. कोऱ्या जागेने काही बिघडत नाही, अम्मा. दर अभ्यासात असते.”

मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, नंदू. की ज्या गोष्टीसाठी मला टाळ्या पडल्या, तिची गरजच नव्हती.

अहवाल आता उघडत नाही. कंपनीला परवाना मिळाला, दुसरा पंप बसतो आहे. तुझ्यावरचा शेरा मात्र काढता येईल. त्यासाठी तू स्वतः अर्ज करायला हवा, सोबत माझा जबाब जोडून. ३१ मार्चपर्यंत. त्यानंतर तुझी ती संशोधनाची जागा रद्द होते. सर म्हणाले, “मी तिला दोन पत्रं घातली, ती उत्तर देत नाही.” मी म्हटलं, मलाही देत नाही.

निघताना मी सात नंबरची वही मागितली. ती दहा मापं एकेक करून खोडली. प्रत्येक रेघेपुढे सही केली. सर विचारत होते, तिथे ‘अंदाज’ लिहू का, ‘सुतक’ लिहू का.

जबाबाची नक्कल या पत्रासोबत आहे. अर्जाचा कागदही आहे. त्यावर तुझं नाव सरांनी टाइप केलं आहे, फक्त सही हवी. ३१ मार्च. आज २० फेब्रुवारी. पत्राला चार दिवस धर.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावीशी वाटेल, आणि मग तू माझाच विचार करीत बसशील. अर्जाचा विचार कर.

अम्मा


९ एप्रिल १९९७

चि. नंदिता,

काल तुझं कार्ड आलं. अक्षरं सातवीतली आहेत तशीच, ‘ध’ आणि ‘घ’ अजून सारखे. अप्पांनी हातात दिलं आणि दाराशी थांबले. “काय लिहिते?” मी वाचून दाखविलं. चारच ओळी, त्यांना दोनदा वाचून दाखविल्या.

अर्ज केला नाहीस. तारीख गेली. इथे बरी आहे, लिहितेस. परत त्या खोलीत बसून त्याच आकड्यांकडे बघवणार नाही, लिहितेस. मी होसूरच्या पत्त्यावर तार करणार होते २८ तारखेला. पोस्टापर्यंत जाऊन परत आले. या खेपेला तरी तुझ्या वतीने मी बोलू नये असं वाटलं. बरोबर केलं की नाही, मला कळत नाही.

अप्पांना मी सगळं सांगितलं, विद्यापीठातून आले त्याच दिवशी.  तिसऱ्या दिवशी मोपेड बाहेर लाविली आणि कुदळ घेऊन तुझा खड्डा उघडायला लागले. या वयात कंबर धरली. खडी-कोळसा नीट भरला आहे, वाळू मी चाळून दिली. आता पाऊस हवा. इकडचा मोठा पाऊस ऑक्टोबरच्या आत नाही. गल्लीत खरं कळल्यापासून आचार आमच्या घरचा प्रसाद घेत नाहीत. कृष्णवेणी दोन वाट्या खाते आणि म्हणते, त्यांचा पण मला द्या.

कार्डाच्या शेवटी तू विचारलंस, त्या दहा ओळींत आता काय लिहिलंस.

काही नाही. कोऱ्या ठेविल्या. त्या दिवसांत पाणी किती होतं हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मारुती पाहत असेल, पण तो लिहीत नव्हता. लिहायचं काम माझं होतं.

आज सकाळी फीत पूर्ण सोडली. चौतीस फूट तीन इंचांवर शिसं टेकलं. वर ओढून हातात घेतलं, पदराने पुसलं. पदर कोरडा. पुन्हा सोडलं, दुसऱ्या बाजूने. तसंच.

वहीत लिहिलं: पाणी नाही. स्वतः पाहिलं.

अम्मा